नॅचेझची घरे आणि अभिलेख कक्षातील नावे

सेवानिवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षे निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, घराची डागडुजी आणि राहून गेलेल्या नातेवाइकांच्या भेटी यांत गेली. तिसऱ्या वर्षी मुलीच्या आग्रहाखातर आम्ही उभयता तिच्याकडे ह्यूस्टनला गेलो. तिने पर्यटनस्थळांची एक लांबलचक यादी तयार ठेवली होती. पत्नीने ती वाचून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला एखादे लहान गाव दाखव. जुनी घरे असलेले. मोठी शहरे सगळीकडे सारखीच असतात." तिचे बालपण साताऱ्याकडच्या एका वाड्यात गेले. तो वाडा आता नाही. तिच्या या मागणीचे कारण मला विचारावे लागले नाही.

अशा रीतीने मोटारीने पाच-साडेपाच तासांचा प्रवास करून, लुइझियाना ओलांडून, आम्ही मिसिसिपी नदीच्या पुलावर आलो. पलीकडच्या तीरावर उंच दरड आणि दरडीवर नॅचेझ हे गाव. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेचौदा हजार, म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील अतिश्रीमंतांची वस्ती असलेल्या मोजक्या गावांत त्याची गणना होत असे, आणि त्या श्रीमंतीतून उभी राहिलेली कित्येक घरे आजही तिथे जशीच्या तशी आहेत. आम्ही तीन दिवस ती घरे पाहिली. त्या तीन दिवसांत मला माझ्या सेवाकाळातील एका स्वाक्षरीची वारंवार आठवण होत राहिली. त्या स्वाक्षरीविषयी पुढे लिहिणारच आहे, आधी गाव.

कापसावर उभे राहिलेले गाव

फ्रेंचांनी १७१६ मध्ये इथे गढी बांधली. त्या आधी ही भूमी नॅचेझ नावाच्या आदिवासी जमातीची होती आणि गावाला नाव मिळाले ते तिचेच. फ्रेंचांनंतर इंग्रज, मग स्पॅनिश आणि १७९८ मध्ये अमेरिका, असे इथले सत्ताधारी बदलत गेले. १७९३ मध्ये सरकी वेगळी करण्याचे एली व्हिटनीचे यंत्र आले, त्यानंतर नदीवर आगबोटी आल्या, आणि या परिसरातील सुपीक जमिनीत कापसाखेरीज दुसरे काही पिकवणे मळेवाल्यांना परवडेनासे झाले. बहुतेकांचे मळे नदीपलीकडच्या सखल, पुराच्या प्रदेशात होते. राहण्यासाठी मात्र त्यांनी दरडीवरची हवेशीर जागा निवडली.

हा कापूस वेचला गुलामांनी. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी झाली, पण देशांतर्गत खरेदीविक्री चालूच राहिली. व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे दक्षिणेकडच्या कापसाच्या प्रदेशात विकली वा हलवली गेली. १८६० च्या जनगणनेत मिसिसिपी राज्याची लोकसंख्या ७,९१,३०५ भरली. त्यांपैकी ४,३६,६३१ गुलाम होते. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे कायद्याच्या दृष्टीने 'मालमत्ता' होती.

अर्धवट राहिलेले घर आणि मुंबईची भरभराट

पहिल्या दिवशी आम्ही 'लाँगवुड' पाहिले. हेलर नट हा धनाढ्य मळेवाला. त्याच्या वडिलांनी, डॉ. रश नट यांनी, 'पेटिट गल्फ' नावाची कापसाची प्रसिद्ध जात विकसित केली होती. सुमारे आठशे गुलामांच्या या मालकाने फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन यांच्याकडून अष्टकोनी प्रासादाचा आराखडा करून घेतला. वर पौर्वात्य धाटणीचा घुमट आणि आत बत्तीस खोल्या. १८६० मध्ये काम सुरू झाले. १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडून आलेले कारागीर हत्यारे टाकून परत गेले. तळमजल्याच्या नऊ खोल्या तेवढ्या स्थानिक आणि गुलाम कामगारांनी पुऱ्या केल्या. १८६४ मध्ये नट मरण पावला. त्याची विधवा ज्युलिया १८९७ पर्यंत, म्हणजे उरलेले आयुष्य, त्या नऊ खोल्यांतच राहिली.

वरच्या मजल्यावर गेल्यावर उघड्या विटा, नुसत्या तुळया आणि घुमटापर्यंत पोचणारी रिकामी पोकळी दिसते. कारागिरांनी टाकून दिलेली काही हत्यारे आणि रंगाचे डबेही तिथे आहेत. पत्नी बराच वेळ वर पाहत उभी होती. "आपल्याकडेही असेच अर्धे राहिलेले बंगले असतात," ती म्हणाली, "पण ते बिल मंजूर न झाल्यामुळे."

मराठी वाचकाला या घरात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. ज्या युद्धाने हे काम थांबवले, त्याच युद्धाने मुंबई बांधली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत असे. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखताच लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाच्या भावाबरोबर बँका, कंपन्या आणि शेअरबाजार यांना उधाण आले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुढे उभा राहिलेला राजाबाई टॉवर हे त्याच संपत्तीचे स्मारक होय. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या सौद्यांच्या दिवशी अनेकांचे दिवाळे निघाले.

त्या तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज मिळाले होते. भाव गेले, कर्ज राहिले आणि त्यात सरकारने जमीनमहसूल वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. दंग्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ज्या कागदावर आपले नाव लिहिले आहे तोच कागद आपल्याला बांधून ठेवतो, हे त्या शेतकऱ्यांना नेमके कळले होते. नॅचेझमध्ये मला याच्या उलट असलेली दुसरी बाजू पाहायला मिळाली.

छतावरचा पंखा

दुसऱ्या दिवशी 'मेलरोज' पाहिले. जॉन मॅकमरन या वकिलाने १८४० च्या दशकात बांधलेले हे घर १९९० पासून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे, म्हणजे केंद्र शासनाकडे आहे. भोजनगृहात शिरताच टेबलावर लटकणारी महोगनी लाकडाची मोठी, नक्षीदार फळी दिसते. मार्गदर्शक बाईंनी तिचे नाव सांगितले: 'पंखा'. हा शब्द त्यांनी थोडा वेगळा उच्चारला, पण तो आपलाच होता. इंग्रजांच्या हिंदुस्थानातून तो तिथे जाऊन पोचला होता. जेवणाच्या वेळी कोपऱ्यात उभे राहून एखादा गुलाम, बहुधा लहान मुलगा, दोरी ओढून तो हलवीत असे. पाहुण्यांना वारा मिळे आणि अन्नावर माश्या बसत नसत.

पत्नीने माझ्या दंडाला हात लावला. "अहो, आपल्या बंगल्यात छताला ती कडी होती ना?"

होती. महाराष्ट्राबाहेरील ज्या राज्यात माझी सारी सेवा झाली, तिथल्या एका जिल्ह्याच्या जुन्या बंगल्यात आम्ही तीन वर्षे राहिलो. दिवाणखान्याच्या छताला लोखंडी कड्या होत्या आणि भिंतीत वरच्या बाजूला दोरी बाहेर काढण्यासाठी एक भोक होते. पंखा ओढणारा बाहेर व्हरांड्यात बसत असे. साहेबाला वारा मिळावा, पण वारा घालणारा दिसू नये, अशी ती योजना होती. माझ्या कार्यालयात जिल्हाधिकाऱ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. ब्रिटिश काळापासून थेट माझ्यापर्यंतची नावे त्यावर सोनेरी अक्षरांत होती. पंखेवाल्यांपैकी एकाचेही नाव त्या कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हते.

मेलरोजच्या मागील सज्जावर निरनिराळ्या स्वरांच्या घंटा टांगलेल्या आहेत. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा, म्हणजे कोणत्या खोलीतून हाक आली हे ऐकणाऱ्याला न पाहता कळावे. तीस-बत्तीस वर्षे टेबलावरची घंटा वाजवून शिपायाला बोलावलेल्या माणसाने या घंटांकडे त्रयस्थपणे पाहू नये, असे मला वाटले. घंटा वाजवणारा गुलामांचा मालक होता आणि मी लोकसेवक होतो, हा फरक फार मोठा आहे. पण घंटेला फरक कळत नाही.

मार्गदर्शक बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. युद्धानंतर मालक बदलले आणि पुढे बरीच वर्षे घरात कोणी मालक राहत नव्हते. त्या काळात जेन जॉन्सन आणि ॲलिस सिम्स या, पूर्वी गुलाम असलेल्या दोन स्त्रियांनी ते घर सामानसुमानासह सांभाळले. आज जे पाहायला लोक दूरवरून येतात ते शिल्लक राहिले त्यात या दोघींचा मोठा वाटा आहे.

घरे वाचवणारे आणि गोष्ट सांगणारे

नॅचेझची घरे जुनी आहेत म्हणून आपोआप टिकली, असे नव्हे. युद्धात गावाने फारसा प्रतिकार केला नाही, त्यामुळे विध्वंस टळला. पण पुढे कापसाची श्रीमंती गेली, बोंडभुंग्याने पोखरली, आणि १९२९ नंतरच्या महामंदीत छप्परे गळू लागली. १९३१ मध्ये राज्यातील उद्यानमंडळांचे अधिवेशन इथे भरायचे होते. ऐनवेळी थंडीने फुले करपली, म्हणून गावातील स्त्रियांनी बागांऐवजी घरेच पाहुण्यांसाठी उघडली. पाहुण्यांचा उत्साह पाहून कॅथरीन मिलर यांच्या पुढाकाराने १९३२ पासून दर वसंतात 'पिल्ग्रिमेज', म्हणजे घरांची यात्रा, सुरू झाली. घेरदार झगे घातलेल्या यजमानीण बाया दारात उभ्या राहून स्वागत करीत. तिकिटाच्या पैशातून छप्परे दुरुस्त झाली. एका गावाने आपला वारसा वाचवला, याचे श्रेय त्या स्त्रियांना दिलेच पाहिजे.

परंतु ज्याने छप्पर दुरुस्त केले, गोष्टही त्यानेच सांगितली. या गोष्टीत झुंबरे होती, युरोपातून आलेले आरसे होते, विवाहसमारंभ होते. विटा कोणी भाजल्या, स्वयंपाक कोणी केला, त्यांना 'नोकर' असे मोघम संबोधून विषय संपत असे. दक्षिणेच्या गतवैभवाचे गोडवे गाणारा नाट्यप्रयोगही या यात्रेचा भाग होता. त्याचे स्वरूप आणि नाव बदलायला २०१० नंतरचे दशक उजाडावे लागले.

हा बदल कसा झाला, हा प्रश्न प्रशासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९३३ पासून ऐतिहासिक वास्तूंची मोजमापे आणि रेखाचित्रे करून ठेवण्याची योजना आहे. बेकार वास्तुविशारदांना काम देणे हा तिचा एक हेतू होता. १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही निर्माण झाली. या नोंदवहीत घर आले म्हणून खासगी मालकावर बंधन येत नाही; बंधन असेल तर ते स्थानिक नियमाने येते. मात्र नोंद झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या वास्तूची योग्य पद्धतीने दुरुस्ती केली, तर खर्चाच्या वीस टक्के रकमेची आयकरात सवलत मिळते. बंधनापेक्षा प्रलोभन अधिक, अशी ही रचना आहे.

विटामातीचा प्रश्न यातून बराच सुटला. गोष्टीचा प्रश्न सुटला तो एका कायद्यातील शब्दांमुळे. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने नॅचेझ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन करणारा कायदा केला. या उद्यानाने नॅचेझच्या सर्व लोकांचा इतिहास जपावा आणि सांगावा, त्यात गुलाम आणि स्वतंत्र असे दोन्ही कृष्णवर्णीय आले पाहिजेत, हे त्या कायद्याच्या उद्देशातच लिहिलेले आहे. कायद्याच्या मसुद्यातील उद्देशाचे कलम आपण अनेकदा शोभेचे समजतो. इथे त्या कलमामुळे पाहुण्यांना स्वयंपाकघर आणि मागची गुलामांची घरे दाखवणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य झाले.

न्हाव्याची रोजनिशी आणि बाजाराची जागा

याच उद्यानाच्या ताब्यात गावातील स्टेट स्ट्रीटवर विल्यम जॉन्सन यांचे तीन मजली विटांचे घर आहे. जॉन्सन जन्माने गुलाम होते. १८२० मध्ये मालकाने त्यांना मुक्त करायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागली. पुढे ते न्हावी झाले, दुकाने काढली आणि स्वतःचे घर बांधले. इतकेच नव्हे, त्यांनी स्वतः गुलामही विकत घेतले. इतिहास आपल्या सोयीने सरळ होत नाही, याचे हे ठळक उदाहरण. १८३५ पासून १८५१ मध्ये खून होईपर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली. खुनाच्या खटल्यात साक्षीदार कृष्णवर्णीय होते. आरोपीने आपण कृष्णवर्णीय नसल्याचा दावा केला, आणि कृष्णवर्णीयांची साक्ष गोऱ्यांविरुद्ध ग्राह्य नसल्याने तो अखेर सुटला. रोजनिशी मात्र कुटुंबाने माळ्यावर जपून ठेवली. ती १९५१ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध झाली. गावातले भाव, पूर, उसनवाऱ्या, भांडणे अशा कितीतरी बाबतींत ती आज अभ्यासकांना मोठा आधार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही 'फोर्क्स ऑफ द रोड' या जागी गेलो. घर पाहण्याची अपेक्षा असेल तर इथे निराशा होते. रस्त्याकडेला गवताचा एक तुकडा, माहितीचे काही फलक आणि सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या. दक्षिणेतील गुलामांच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक इथे भरत असे. पूर्वी ही विक्री गावातच होई. १८३३ मध्ये पटकीची साथ आली, व्यापाऱ्यांच्या कोंडवाड्यांतून रोग पसरेल अशी भीती निर्माण झाली आणि नगरपालिकेने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर घालवले. विक्री बंद केली नाही, हद्दीपलीकडे ढकलली. हा आदेश वाचताना त्याची भाषा मला परिचित वाटली. उपद्रव नष्ट न करता आपल्या हद्दीबाहेर करण्याचे आदेश आपल्याकडेही नित्य निघतात.

१८६३ मध्ये उत्तरेचे सैन्य गावात आले. या बाजारातील कोठड्या पाडून तेच लाकूड बराकींसाठी वापरले गेले आणि त्या पाडकामात सैन्यात दाखल झालेले कृष्णवर्णीय सैनिकही होते. त्यानंतर बराच काळ ही जागा जवळजवळ विस्मृतीत होती. स्थानिक नागरिकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये ती राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाली. मोठी घरे गावाने ताबडतोब जपली. या जागेला रांगेत एवढा वेळ थांबावे लागले.

नाव कोणत्या कागदावर असते?

१८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी स्वतंत्र तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव लिहिलेले असे, आणि त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण. नावाचा रकानाच नव्हता. मुक्त झालेल्या बहुसंख्य माणसांची नावे जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये. मग त्या आधीची नावे शोधायची कुठे?

ती सापडतात न्यायालयाच्या अभिलेखात. मालक मरण पावला की वारसांसाठी त्याच्या मालमत्तेची यादी होई. त्यात खेचरे, नांगर, पलंग यांच्याबरोबरच माणसांची नावे, वय आणि किंमत लिहिलेली असे. खरेदीखतातही नाव असे, कारण विकत घेतलेली वस्तू नेमकी ओळखता आली पाहिजे. माणसांची मोजणी करणाऱ्या कागदाने त्यांना नाव दिले नाही. त्यांची किंमत करणाऱ्या कागदाने दिले. नॅचेझच्या न्यायालयातील असे जुने दस्त वर्षानुवर्षे दुर्लक्षित होते. हिस्टॉरिक नॅचेझ फाउंडेशन या संस्थेने कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या साहाय्याने ते स्वच्छ करून, लावून, वाचनासाठी उपलब्ध केले. आज कोणी आपल्या पणज्याच्या आईचे नाव शोधत येतो, तेव्हा ते त्याच क्रूर यादीत सापडते.

कागदाच्या हेळसांडीचे एक उदाहरण तर असे की कोणत्याही सचिवालयात सांगावे. गुलामगिरी रद्द करणारी अमेरिकी राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये अमलात आली. मिसिसिपीने तेव्हा ती नाकारली होती. १९९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती मंजूर करण्याचा ठराव केला. पण त्या ठरावाची प्रत केंद्राच्या अभिलेखागाराकडे पोचलीच नाही. भारतातून जाऊन तिथे स्थायिक झालेल्या एका प्राध्यापकाने एक चित्रपट पाहून कुतूहलाने चौकशी केली, तेव्हा ही त्रुटी उघड झाली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये नोंद पूर्ण झाली. ठरावानंतर अठरा वर्षे केवळ जावक नोंदीअभावी गेली.

माझी स्वाक्षरी

आता त्या स्वाक्षरीविषयी. वर सांगितलेल्या बंगल्यात राहत होतो, त्याच जिल्ह्यात अभिलेख कक्षाची मोठी साफसफाई काढण्यात आली. जागा नव्हती, वाळवी लागली होती, आगीचे भय होते. नियमाप्रमाणे कायम ठेवायची आणि मुदतीनंतर नष्ट करायची अशी दप्तरांची वर्गवारी होती. नष्ट करण्याच्या यादीत बावीस रुमाल जुन्या दुष्काळी कामांच्या हजेरीपटांचे होते. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जात आणि रोजची मजुरी होती. मी एक रुमाल सोडून पाहिला, आंगठ्यांचे ठसे पाहिले, आणि 'मंजूर' लिहून स्वाक्षरी केली. नियमात काहीही चूक नव्हती. साफसफाईबद्दल वरिष्ठांकडून प्रशंसापत्रही आले.

दोन वर्षांनी एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन भेटीला आले. नातवाला जातीचे प्रमाणपत्र हवे होते आणि १९५० पूर्वी कुटुंब याच भागात होते याचा पुरावा नव्हता. शाळेत कोणी गेले नव्हते, जमीन नव्हती. वृद्ध म्हणाले, "साहेब, माझ्या बापाने आणि चुलत्याने त्या तळ्याच्या बांधावर माती टाकली आहे. सरकारने तेव्हा नाव लिहून घेतले होते. ते तुमच्याकडे असेल." ते नाव दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे होते. मी त्यांना एवढेच सांगितले की, ते दप्तर आता उपलब्ध नाही. कोणाच्या स्वाक्षरीने ते गेले, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ते नमस्कार करून निघून गेले. प्रमाणपत्राचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा मी केला नाही, आणि काही महिन्यांत माझी बदली झाली.

मेलरोजच्या अंगणात बाकावर बसून हे सारे मी प्रथमच पत्नीला सांगितले. ती लगेच काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या तळ्याच्या बांधावर आपण रोज संध्याकाळी फिरायला जात होतो."

आपल्याकडे काय करता येईल?

वारसा म्हटला की आपण वास्तू पाहतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यातील २०१० ची सुधारणा, संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर निषिद्ध आणि त्यापलीकडे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, हे सर्व राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे. शेखावाटीच्या हवेल्या, चेट्टीनाडची घरे, गोव्यातील जुने बंगले, आपले वाडे अशी बहुसंख्य घरे त्याबाहेर राहतात. १९९५ मध्ये मुंबईने वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली केली; इतर काही शहरांनी पुढे तसे केले. लहान गावांत मात्र मालकाचे उत्पन्न आणि छपराचा खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि नॅचेझच्या स्त्रियांनी शोधला तसा मार्ग प्रत्येक गावाला सापडत नाही. करसवलतीचा मार्ग इथे जरूर अभ्यासावा.

पण घर टिकवणे हे अर्धे काम आहे. चेट्टीनाडच्या खांबांचे सागवान ब्रह्मदेशातून आले, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ते कोणाच्या खांद्यावरून आले, हे सांगायला त्याच्याजवळ कागद नसतो. कागदाचे रक्षण करणारा कायदा आपल्याकडे आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो वापरण्यापलीकडे खराब झालेला नसेल तर, नष्ट करता येत नाही. हा कायदा केंद्र शासन आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू आहे. राज्यांनी आपापले कायदे करायचे आहेत आणि महाराष्ट्राने तो २००५ मध्ये केला. १८९२ ही सीमारेषा पाहिली की १८७६-७८ च्या दुष्काळाचे कागद तिच्या आत येतात आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाचे बाहेर राहतात. म्हणजे पुष्कळशा गोष्टी आजही एका अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहेत.

सेवेत असलेल्या तरुण अधिकाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. नष्ट करण्याच्या यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचा एक रुमाल स्वतः सोडून पाहा. ज्या कागदावर सामान्य माणसांची नावे आहेत, मग ते हजेरीपट असोत, शिपायांची सेवापुस्तके असोत की विस्थापितांच्या याद्या, तो कागद मुदत संपली तरी छायाचित्र घेतल्याखेरीज जाऊ देऊ नका. आता त्याला फारसा खर्च येत नाही. आणि एखाद्या जुन्या शासकीय बंगल्याचा माहितीफलक लिहिण्याची वेळ आली, तर बांधणाऱ्या आणि झाडणाऱ्या हातांसाठी दोन ओळी राखून ठेवा.

परत आल्यावर मी त्या जिल्ह्याच्या विद्यमान जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. पाटबंधारे विभागाच्या एखाद्या जुन्या उपविभागात त्या तळ्याच्या मोजमापवह्या किंवा हजेरीपटांच्या दुय्यम प्रती असण्याची शक्यता आहे, त्या शोधाव्यात, अशी विनंती केली. मूळ दप्तर कोणाच्या आदेशाने नष्ट झाले, तेही त्यात स्पष्ट लिहिले. पत्नीने पत्र वाचले, एका ठिकाणी माझी वाक्यरचना दुरुस्त केली आणि स्वतः टपाल कार्यालयात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवले. उत्तर अजून आलेले नाही. पत्र पोचल्याची पावती मात्र मी जपून ठेवली आहे.